वरचा सा

"तो वरचा सा लागला आणि माझ्या हातातला विडा हातातच राहिला बघ," सुधाताई म्हणाल्या आणि आंब्याच्या डाळीची वाटी पुढे सरकवली. "वाढ अजून थोडी."

शरयूने डाळ वाढली. पळी वाटीच्या काठावर वाजली, तसा तिने हात आवरला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माधवगंजातल्या अर्ध्या बायका तिच्या माजघरात जमल्या होत्या आणि मघापासून एकच विषय चालला होता, परवाची सरदार मल्हाररावांकडची मैफल. दुसरं काही सुचेल तर शपथ. त्याच आठवड्यात नाटक कंपनी येऊन गेली होती, ऐन दरबाराच्या प्रवेशात राजा मुकुट आतच विसरून आला होता, पण त्यावरही कोणी धड हसलं नाही. गाणारे सदाशिवबुवा म्हणजे शरयूचे सासरे. तिच्या घरी तिच्या सासऱ्यांची तारीफ करतोय, पोरीला केवढा अभिमान वाटत असेल, असं बायकांना वाटत होतं.

पोरीचा जीव इकडे टांगणीला लागला होता.

तो सा बुवांनी लावलाच नव्हता, हे तिला नवऱ्याने त्याच रात्री सांगितलं होतं. तिथवर जाता जाता त्यांचा गळा मिटला. हात वर गेलेला, तोंड उघडं, आणि आवाज नाही. मागे खिडकीपाशी तंबोरा घेऊन शरयूचा नवरा लक्ष्मीकांत बसला होता. त्याने तो सूर अलगद उचलला आणि बापाचा हात खाली येईपर्यंत धरून ठेवला. बापलेकांचे आवाज सारखे. समोरच्या पुरुषांनी बुवांचा हात पाहिला आणि वाहवा केली. बायका चिकाच्या पडद्याआड होत्या. तिथून गवई दिसत नाही, नुसता ऐकू येतो. घरी आल्यापासून बुवा कोणाशी अक्षर बोलले नव्हते आणि तंबोऱ्याची गवसणीही निघाली नव्हती.

बुवांची नेमणूक मल्हाररावांकडची, राहतं घरही त्यांनीच दिलेलं. गेल्या साली त्यांच्या पदरच्या बीनकाराचा हात थरथरायला लागला, तेव्हा सरदारांनी त्याला शाल पाठवली, आता आराम करा म्हणून गोड शब्दांत सांगितलं, आणि पावसाळ्याच्या आत बिचारा बिऱ्हाड आवरून गावाकडे गेला. शरयू हे विसरायला बघत होती, पण विसरता येत नव्हतं.

"सच में, काकू," सुधाताईंची पुतणी वनमाला म्हणाली. ती इथल्या हिंदी शाळेत जाणारी, अर्धं हिंदीतच बोलायची. "पण मला पडद्याआतून जरा अलगच वाटलं. सूर जैसे खिडकीकडून आला."

शरयूने घाईने पळी पुन्हा डाळीत घातली.

"खिडकीकडून कशाला येईल?" सुधाताई तिच्यावर घसरल्या. "आधी कानात तेल घाल. आमचे हे पहिल्या रांगेत होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय तो सा."

सगळ्या हसल्या. तेवढ्यात दारात शालिनीताई उभ्या राहिल्या, सरदार मल्हाररावांच्या पत्नी. बायका सावरून बसल्या. त्यांच्यामागून मोलकरीण एक गाठोडं घेऊन आली होती, आणि गाठोड्याच्या तोंडाशी शालीचा काठ दिसत होता.

शरयूची नजर त्या काठावरच खिळली. कुंकू लावताना तिचं लक्ष तिकडेच होतं, थोडं कुंकू शालिनीताईंच्या नाकावर सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"वहिनीसाहेब, आता तुम्हीच सांगा," सुधाताई म्हणाल्या. "कसा लागला होता सा?"

"लागला, अगदी चोख लागला," शालिनीताई म्हणाल्या आणि पन्हं प्यायल्या.

एकेक करून बायका उठल्या. शालिनीताई मात्र बसून राहिल्या. माजघर मोकळं झालं तेव्हा त्यांनी शरयूला जवळ बोलावलं.

"येत्या पुनवेला पुन्हा बैठक आहे," त्या हळू म्हणाल्या. "तुझ्या यजमानांना सांग, खिडकीपाशी बसू नका, बुवांच्या अगदी पाठीशी बसा. समोरच्यांना कळत नाही, पण चिकाआडून कळतं गं. त्या पोरीलासुद्धा कळलं."

शरयूने पदराने डोळे टिपले.

"आणि ही शाल आमच्या सरकारांनी दिलीय, त्या वरच्या सा साठी. मी त्यांना काही बोलले नाही, बोलणारही नाही. तू ज्याची त्याला दे म्हणजे झालं."

त्या गेल्या. शरयू शाल छातीशी धरून कितीतरी वेळ माजघरातच उभी राहिली. लक्ष्मीकांतला दिली तर म्हाताऱ्याच्या काळजावर घाव, आणि म्हाताऱ्याला दिली तर ते खोटं त्याने रोज अंगावर घ्यायचं. शेवटी सरदारांनी बुवांनाच पाठवलीय ना, असं मनाशी म्हणत ती आतल्या खोलीत गेली. बुवा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पावलं ऐकून वळले, शाल पाहिली आणि उठून बसले.

"आली का?" ते म्हणाले. परवापासून पहिल्यांदाच बोलत होते. "मला वाटलंच होतं. सामान बांधायला घ्या."

"नाही, मामंजी. ही तसली नाही." शरयूने शाल पुढे धरली. "सरकार खूश आहेत. परवाच्या वरच्या सा साठी पाठवलीय."

बुवांनी हात पुढे करून शाल घेतली. मांडीवर पसरली, काठावरून बोट फिरवत शेवटापर्यंत नेलं. अंगावर घेतात की काय, म्हणून शरयू बघत राहिली. मग त्यांनी ती पहिल्यासारखी घडीवर घडी घालून तिच्या हातात परत दिली.

"मग इकडे काय घेऊन आलीस?" ते म्हणाले. "लक्ष्मीकांत मागच्या अंगणात आहे."