दोन कुलपांची पेटी

व्हॉल्व्हचं चाक आधी कोणी फिरवायचं, यावरून सगळं अडलं होतं.

पाणी महापालिकेचं, म्हणून तिचे इंजिनिअर कुलथे साहेब चाकाच्या एका अंगाला. जमीन ग्रामपंचायतीची, म्हणून सरपंच मारुतराव दुसऱ्या अंगाला. दोघंही "तुम्ही करा, तुम्ही करा" म्हणत होते आणि हात मात्र कोणीच मागे घेत नव्हतं. मागे स्वस्त घरांच्या योजनेतली नवी कोरी इमारत आणि चाकणच्या रस्त्याला सामानाने भरलेले टेम्पो.

विजयश्रीचं लक्ष टेम्पोकडे होतं. आज पाण्याबरोबर घराच्या किल्ल्याही मिळणार म्हणून सकाळीच काळेवाडीची भाड्याची खोली सोडली होती. किल्ली हातात पडल्याशिवाय सोडायची नाही, असं तिने नवऱ्याला बजावून सांगितलं होतं. "अगं, दोन्ही ऑफिसं एक झालीत, आता कसली भीती?" म्हणत सुजित पहिल्या शिफ्टला निघून गेला. दोन्ही ऑफिसं एक झालीत, हीच तर तिची भीती होती. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जाता येतं. आता जायचं कुणाकडे? कडेवर मिनल पेंगत होती. संध्याकाळी हिला झोपवायचं कुठे, ते विजयश्रीला ठाऊक नव्हतं.

"अवो सरपंच, अवो सायेब," सासूबाई सोजरबाईंनी गर्दीतूनच आवाज दिला, "आंतरपाट धरून किती येळ उभं ऱ्हानार? दोघं मिळून फिरवा की!"

हशा पिकला. दोघांनी एकदम हात घातला. पाइपात गुरगुरलं, टाकीत धार पडली, पंप सुरू झाला. मग नारळ, मग हार, मग भाषणं. कुलथे साहेबांनी ग्रामपंचायतीचे आभार मानले, मारुतरावांनी महापालिकेचे. तोवर गच्चीवरची टाकीही भरली.

"आणि किल्ल्यांचं वाटप," मारुतराव शेवटी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात. वरचे साहेब येणार आहेत, त्यांच्या हस्ते."

टाळ्या वाजता वाजता थांबल्या. विजयश्री पुढे झाली. "सर, आम्ही खोली सोडून आलोय."

"ताई, किल्ल्यांच्या पेटीला दोन कुलपं आहेत," कुलथे साहेब म्हणाले. "एक आमचं, एक पंचायतीचं. मी एकटा कसा उघडू?"

तिने मारुतरावांकडे पाहिलं.

"मग मी तरी एकटा कसा उघडणार, पोरी?"

दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते.

"पाणी!" तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. "अरे, जिन्यात पाणी!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. एकेक पायरी उतरत पाणी खाली येत होतं. सिमेंटचा गढूळपणा घेऊन, पण चांगलं भरघोस.

विजयश्रीला त्याच क्षणी उमगलं. घरं दाखवायला उघडली होती त्या रविवारी, आत शिरल्या शिरल्या प्रत्येकाने नळ फिरवून पाहिला होता. पाणीच येत नाही म्हटल्यावर बंद कोण करणार? बाहेर पडताना गॅसचं बटण तीन-तीनदा बघणाऱ्या विजयश्रीनेही केला नव्हता. न्हाणीच्या मोऱ्या गवंड्यांनी कचरा जाऊ नये म्हणून गोणपाट कोंबून बुजवल्या होत्या. आता सगळी बंद घरं एकदम वाहायला लागली होती.

"वरच्या टाकीचा कॉक बंद करा!" कुलथे साहेब ओरडले.

"गच्चीला कुलूप आहे, साहेब. किल्ली पेटीत!"

पेटी वॉचमनच्या खोलीत होती. दोघंही तिकडे धावले.

"आधी तुमचं उघडा!"

"नाही नाही, तुमचं!"

"एकदम उघडा!" अख्खी गर्दी ओरडली.

पेटी उघडली. ना हार, ना वरचे साहेब. कुलथे साहेब नावं पुकारत होते, मारुतराव किल्ल्या फेकत होते आणि माणसं त्या झेलत जिन्याकडे पळत होती. विजयश्री भिजलेली चप्पल हातात घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचली. दार उघडताच पाणी पायांवरून बाहेर आलं.

"उजवा पाय! आगं, उजवा पाय आदी!" मागून सोजरबाई धापा टाकत ओरडत होत्या. तोवर ती आत जाऊन नळ बंद करून, मोरीतलं गोणपाटही उपसून मोकळी झाली होती. पाणी गरगरत गेलं. वरून, खालून, शेजारून हसण्याचे आवाज येत होते. कोणी आपल्याबरोबर शेजाऱ्याचाही नळ बंद करत होतं, कोणी आपलं दार कुठलं तेच शोधत होतं. मिनल ओल्या फरशीवर बसून दोन्ही हातांनी पाणी थापटत होती आणि तिला उचलून घ्यावं, असं विजयश्रीला आज सुचलंही नाही.

दारं उघडलेली बघून टेम्पोवाल्यांनी कुणाला न विचारता सामान चढवायला सुरुवात केली. गादी आली. शेगडी आली. सोजरबाईंनी दारात पायपुसणं टाकलं.

फरशी कोरडी होत आली, तेव्हा दारात कुलथे साहेब आणि मारुतराव उभे राहिले. दोघांच्याही पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, पाय चिखलाने माखलेले, मधे रिकामी पेटी, एक कडी एकाच्या हातात, दुसरी दुसऱ्याच्या.

"नळ बंद झाला ना, ताई?" कुलथे साहेब घसा खाकरत म्हणाले. "मग ती किल्ली तेवढी..."

विजयश्री गुडघ्यांवर बसली होती. हातातलं फडकं पिळता पिळता तिने वर पाहिलं.

"या ना सर. फक्त पाय पुसून या हं. फरशी आत्ताच पुसलीय."