हिंगाची जागा

डोंगरावरचे खरेखुरे वणवे आता लोक घरात बसून, एखादा खेळ खेळावा तसे यंत्रमानवांकरवी विझवत. डोळ्यांवर चष्मा चढवून मनगट वळवलं की अवजारांचं गोल चक्र हवेत उघडायचं. हे चक्र ज्याला त्याला हवं तसं मांडता यावं म्हणून त्याचा मॉड, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, निनादनेच लिहिला होता. तरी ते बघायला त्याने क्षणभर आगीवरची नजर काढली आणि ज्वाळांनी त्याचा यंत्रमानव गिळला. खाली अख्खी वाडी होती.

शेजारी तसाच चष्मा लावून आपला यंत्रमानव चालवणाऱ्या आईची नजर मात्र आगीवरून हलत नव्हती. पाणी, फेस, कुऱ्हाड, हवं ते अचूक तिच्या हाती येत होतं. शेवटी एकच सुरुंग लावून तिने आग वाडीच्या वरच अडवली.

निनाद थक्क झाला. "न बघता कसं गं जमतं तुला?"

"चक्र माझ्या मिसळणाच्या डब्यासारखं लावून घेतलंय. सुरुंग हिंगाच्या जागी आहे. तिथे माझा हात आपसूकच जपून पडतो."