एक थेंबही नाही

"अख्ख्या जगाला पुरेल एवढं रबर आपल्या केगल्लमध्ये पिकतं. इथल्या गाडीत शिरायची पाण्याची हिंमतच होणार नाही!" असं जाहीर करून करुणावती टीचरनी आपल्या मॉरिस मायनरच्या दारावर थाप मारली. दाराच्या कडेची रबरी पट्टी सुटली आणि सापाच्या कातीसारखी त्यांच्या पायाशी येऊन पडली.

"अम्मा," मुलगा सुनेत म्हणाला, "गेल्या पावसात मागच्या सीटखाली बेडूक निघाला होता."

"तो दारातून आला होता. रीतसर."

बेंतोटला समुद्रकाठी हॉटेल चालवणाऱ्या वीरक्कोडींना ही गाडी हवी होती. तिचा टप कापून, आत ऑर्किड लावून, ती हॉटेलात उभी करायची होती. गळकी गाडी फुलांनाच बरी, असं त्यांचं म्हणणं; टीचर मानेनात. शेवटी असं ठरलं, की आठ दिवसांनी पाण्याची परीक्षा. थेंब आत आला तर गाडी जाईल, नाही आला तर वीरक्कोडी जातील.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेंडिस बासनी, म्हणजे मेंडिस मिस्त्रींनी, पट्टी हातात घेऊन वाकवून पाहिली. "टीचर, गरम पाण्यात भिजवून, ग्लिसरीन लावून देतो. खोबरेल तेवढं लावू नका. रबर फुगतं."

"साठ वर्षं केसांना लावतेय मी. फुगले का?"

मेंडिस बासनी टीचरच्या सुपारीएवढ्या अंबाड्याकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे आकाशाकडे. पुढच्या छोट्या तिकोनी काचेचं रबर तेवढं त्यांच्या वाट्याला आलं. बाकीच्या पट्ट्या टीचरनी स्वतः डिंकाने चिकटवल्या आणि आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, खोबरेलाने चोळल्या. पट्ट्या काळ्याभोर झाल्या. अंगानंही भरल्या.

टीचरनी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे मुहूर्तावर त्यांचा विश्वास नव्हता. पण पंचांगातले नऊ सत्तेचाळीस वाजेपर्यंत त्यांनी पाण्याच्या पाइपला कुणाला हात लावू दिला नाही. मग वर्तमानपत्र घेऊन त्या स्टिअरिंगमागे बसल्या. दार लावायला सुनेतला खांदा द्यावा लागला.

पाव तास पाणी चाललं. शेवटी तर वीरक्कोडींनी सुनेतच्या हातातून पाइप ओढून घेतला आणि नेम धरून दाराच्या फटीवर मारला. आत टीचरनी पान उलटलं.

पाणी थांबलं. टीचरनी वर्तमानपत्र काचेला लावून दाखवलं. कोरडं ठणठणीत. वीरक्कोडींनी हात जोडले आणि ते आपल्या जीपकडे वळले.

"फुलदाणी दुसरीकडे शोधा!" टीचर आतून ओरडल्या. ते कुणालाच ऐकू गेलं नाही, इतकं रबर पक्कं बसलं होतं.

मग त्यांनी दाराची कडी ओढली. पुन्हा ओढली. खांदा लावला. दुसऱ्या दाराकडे सरकल्या, तिथेही तेच. काच खाली करायची मूठ फिरेना. बाहेरून सुनेतने गाडीला पाय लावून दार खेचलं, तर गाडीच त्याच्याकडे कलली. पायरीवर विडा चघळत बसलेले मेंडिस बास पुन्हा आकाशाकडे पाहू लागले.

"अम्मा, पट्ट्या कापाव्या लागतील!"

तिकोनी काच दोन बोटं उघडली. "खबरदार कात्री आणलीस तर! फुगलेलं रबर कधीतरी उतरेलच. मी बसते."

टीचर ताठ बसल्या. ऊन चढलं. टप तापला. बऱ्याच वेळाने तिकोनी काच पुन्हा दोन बोटं उघडली.

"सुनेत पुता."

"काय, अम्मा?"

"एक शहाळं फोड. आणि प्यायची नळी जरा लांबशी आण."