गच्ची कोणाची?

बाबांच्या जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. फ्लॅट वेगवेगळ्या नावांवर करायचे, तर आधी इमारतीची नोंदणी हवी. "वकील कशाला? कागद मी तयार करते," ताई म्हणाली आणि तिने दोन्ही भावांना जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसवलं. बाबा गेल्यापासून दोघांचा अबोला होता. काही सांगायचं झालं तर ताईमार्फत.

ताईने नकाशा पसरला. "कोणाचं काय आणि सामाईक काय, हे लिहून द्यावं लागतं. गच्ची कोणाची?"

"त्याला सांग, गच्ची माझी," दादा म्हणाला.

"मी लिहितेय. तूच सांग."

पुढचे कितीतरी रविवार जिना, पार्किंग, पाण्याची टाकी अशा एकेका ओळीवरून दोघं हमरीतुमरीवर आले. ताई शांतपणे खोडायची, पुन्हा लिहायची. मग एकदा धाकटा वैतागून म्हणाला, "दादा, गच्ची घे, पण ते गुडघे घेऊन वर चढणार कसा?"

"तुझं पोट चढेल तसा!"

दोघंही खो खो हसत सुटले. ताईने लिहिलं, 'गच्ची सामाईक.'

नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी सगळे कागद नीट तपासले. "चोख आहेत. पण बाई, वकील केला असता तर आठवड्यात झालं असतं."

मागच्या बाकावर दोघं भाऊ खालच्या आवाजात काहीतरी बोलत बसले होते. ताईने वळून पाहिलं.

"हो," ती म्हणाली, "कागद झाले असते."