दोननं भाग जातो

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या एका कहवाखान्यात बहगत आणि शाकिर हे दोन निवृत्त गणिताचे मास्तर रोज समोरासमोर बसून एकमेकांची अक्कल काढत. वैतागून मालकानं, ज्याला सगळे मुअल्लिम म्हणत, टेबलावर खडूनं एक संख्या लिहिली. "मूळ संख्या आहे की नाही, सांगा. चुकेल त्यानं इथं पुन्हा पाऊल ठेवायचं नाही."

बहगतनी ७१८८७ला तासभर भागून पाहिलं. "मूळ आहे. कशानंच भाग जात नाही."

"दोननं जातो! शेवटी आठ आहे, आंधळ्या!"

"सात आहे, गाढवा!" गचांडी धरायला बहगत पलीकडे गेले. तिथून तीच संख्या ८७७१८ होती. अरबी सात (٧) उलटा झाला की आठ (٨) दिसतो.

मालकाची पाठ वळलेली बघून बहगतनी बाहीनं सगळं पुसलं आणि बोंब ठोकली, "मुअल्लिम, धावा! हरला म्हणून यानं आकडा पुसला!"