पहिली पाटी

साहेबांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

जमिनीत पुरलेल्या विषारी कचऱ्याबद्दल पुढच्या पिढ्यांना सावध करणारा मजकूर मी लिहिला. धातूच्या दोन पाट्यांवर कोरून तो शेकडो वर्षांसाठी तिथेच पुरायच्या काळपेटीत ठेवायचा होता.

साहेब म्हणाले होते, "बाई, लाडीगोडी नको. खणाल तर मराल, एवढंच लिहा!"

पण लिहिताना लेक मांडीवर झोपली होती. मुलांना असं कुणी दरडावतं का? मी पहिल्या पाटीवर लिहिलं, 'बाळांनो, जवळ या. आईचं ऐका.' 'इथे विष आहे, खणू नका' हे दुसऱ्या पाटीवर गेलं.

ओरखडे पडू नयेत म्हणून दोन्ही पाट्यांवर कागद चिकटवला आणि पेटी सील करून आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवली, गळते का ते बघायला. आज वेल्डरकाकांनी माझ्यासमोर सील कापलं. आत थेंबभरही पाणी नव्हतं.

काकांनी पहिली पाटी उचलली आणि ते थबकले. "अगं पोरी, ही गेल्याच आठवड्यात कोरली ना आपण?"

वर्षानुवर्षं पावलांनी पायरी झिजावी तशी ती झिजली होती. कडांना इवल्या बोटांचे खळगे पडले होते. सगळ्यांत जास्त झिजले होते 'जवळ या' हे शब्द.

मी घाईघाईने दुसरी पाटी बाहेर काढली.

तिच्यावर चिकटवलेला कागदसुद्धा कुणी सोलला नव्हता.