लीमनचं हसू

जुन्या ब्लूज गवयांची चित्रं काढणारा तरुण मिसिसिपी नदीकाठच्या म्हाताऱ्या व्हर्नेलकडे आला. तिच्या वारलेल्या नवऱ्याचा, गिटारवाल्या लीमनचा, एकही फोटो मागे उरला नव्हता. तरुणाने लीमनला ओळखणाऱ्या लोकांना विचारून चित्र काढलं होतं. चेहरा हुबेहूब उतरला होता, पण चित्रातला लीमन तोंडभर हसत होता.

"तीस वर्षं संसार केला, हे हसू माझ्या वाट्याला आलं नाही," व्हर्नेल म्हणाली. "नदीपलीकडे त्याचं कुणीतरी आहे, हा वहीम होताच मला. कोण ती सटवी?"

"आजी, ती त्यांची मुलगी. हे हसू तिनंच मला सांगितलं. तिची आई बाळंतपणातच गेली, पोर परक्यांच्या दारी वाढली."

व्हर्नेलची कूस कधी उजवलीच नव्हती. तिने चित्र जवळ ओढलं आणि त्यातल्या लीमनला म्हणाली,

"मेल्या, घरी आणली असतीस, तर वाढवली नसती का मी?"